लंगडं अक्षर

मी एक जुना बिल्ला आहे, युद्धातून आलेला, आणि आधीच सांगून ठेवतो, मला तुमच्या टाळ्या नकोत. सरकारी कागदात मी शौर्यपदक आहे, घरात मात्र सगळे मला बिल्लाच म्हणत आले. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणतो मित्रांनो. मैत्री करावी असं तुमच्यात काय आहे ते मला अजून दिसलेलं नाही. आजवर मला ज्यांनी ज्यांनी हातात घेतलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "खरी चांदी आहे का हो?"

आहे. झालं समाधान?

माझा जन्म टाकसाळीतला. चांदीच्या पट्टीतून मला कापलं, यंत्राखाली दाबलं, एका बाजूला गरुड उमटवला आणि दुसऱ्या बाजूला मोठमोठे शब्द. तो गरुड आणि ते शब्द माझ्यासारख्या हजारोंवर आहेत, त्यांचं मला काडीचंही कौतुक नाही. माझं स्वतःचं जे काही होतं, ते माझ्या काठावर होतं. नाण्याला असते ना अरुंद कड, तसा काठ. तिथे एका कारागिराने एकेक अक्षराचा ठसा धरून, हातोडीने ठोकून, एका शिपायाचं नाव उमटवलं. चौथं अक्षर ठोकताना कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली. त्याचा हात हलला, अक्षर तिरकं बसलं आणि इतरांपेक्षा खोल गेलं. "चालतंय," असं म्हणून तो डबा उघडायला निघून गेला. इतकी काळजी घेऊन मला जन्माला घातलं!

ते नाव ज्याचं होतं, तो माझा माणूस. तो बंदूक चालवणारा नव्हता, जखमींना उचलून आणणारा होता. गोळीबार चालू असताना त्याने दोघांना पाठीवर घालून आणलं. तिसऱ्यासाठी परत गेला, तेव्हा त्याच्या गुडघ्यात गोळी शिरली आणि तिसरा तिथेच राहिला. मग मला त्याच्या छातीवर टोचलं, भाषणं झाली, फोटो निघाले. पुढे तो आयुष्यभर डावा पाय ओढत चालला. भाषणं ठोकणाऱ्यांपैकी एकही जण कधी त्याची विचारपूस करायला फिरकला नाही.

आणि मी त्याला आवडत होतो असं समजू नका. घरी येताच त्याने मला खिळ्यांच्या डब्यात टाकलं. "दोघांचा बिल्ला दिला. तिसऱ्याचं काय?" एवढंच तो बायकोला म्हणाला. कितीतरी वर्षं मी त्या डब्यात गंजक्या खिळ्यांचे टोचे खात पडून होतो. मीही त्याच्यावर डूख धरला होता.

मला बाहेर काढलं ते त्याच्या बायकोने. ती पडद्यासाठी खिळा शोधत होती आणि सापडलो मी. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, काठ वाचला आणि हसायलाच लागली.

"अहो, हे बघा ना! तुमच्या नावातलं एक अक्षर लंगडतंय."

त्याने मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. कधी नव्हे ते तोही हसला. "मग माझाच आहे म्हणायचा. मला वाटत होतं, चुकून दिला."

त्या दिवसापासून माझा मुक्काम तिच्या उशाशी. पुढे तो गेला. मग काचबिंदूने तिची नजर गेली. दिवा लावला काय आणि नाही काय, तिला सारखंच. पण रोज दुपारी ती पलंगावर बसून मला हातात घ्यायची आणि नखाने काठावरचं नाव चाचपत जायची. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं, आणि मग त्या तिरक्या अक्षरात तिचं नख अडायचं.

"आलात?" ती म्हणायची.

मी धातू आहे, मला गहिवरबिहिवर येत नाही. पण दुपार व्हायची मी वाट पाहत असे, हे कबूल करतो.

आता तिच्या दोन मुलांकडे येऊ, आणि त्यांच्यापाशीच माझा तिळपापड होतो. थोरला विमा कंपनीत, धाकटा गाड्यांच्या शोरूममध्ये. घरी पाहुणे आले की दोघे बाबांचं शौर्य तिखटमीठ लावून सांगायचे. दोनाचे पाच जखमी व्हायचे. पाहुणे गेले की मी कुठे आहे, कसा आहे, ते कुणी बघायचं नाही. मग एकदा थोरल्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी काकांची पदकं विकून नवी गाडी घेतली. ते ऐकून या दोघांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आई, बिल्ल्याची रिबन पार विरलीये," थोरला म्हणाला. "बदलून आणतो."

"नको रे. आहे ती असू दे."

"अगं, दोन दिवसांत आणतो."

बाहेर जिन्यात धाकट्याने विचारलं, "आणि तिने परत मागितला तर?"

"दुसरा कुठला तरी देऊ हातात. तिला काय दिसतंय?"

हे वाक्य लक्षात असू द्या.

मी काळवंडलो होतो. चांदी काळवंडते, त्यात नवल काय? पण शोरूमवाल्याचं डोकं शोरूमसारखंच चाललं. "मळकी गाडी कुणी घेतं का? आधी चकाचक करू, मग बघ कसा भाव येतो." तो मला त्याच्या नेहमीच्या पॉलिशवाल्याकडे घेऊन गेला. हा गाड्यांच्या पट्ट्या आणि बाथरूमचे नळ फिरत्या चाकावर घासून देणारा माणूस.

"काठपण घासू का साहेब? काहीतरी लिहिलंय त्यावर."

"घास सगळीकडून. एक डाग दिसता कामा नये."

चाक फिरायला लागलं. मी तापलो. अक्षरं एकेक करून गेली. तिरकं अक्षर खोल होतं, ते शेवटपर्यंत तग धरून होतं. पॉलिशवाल्याने जोर लावला, मग तेही गेलं.

जुन्या पदकांच्या व्यापाऱ्याने मला भिंगाखाली धरलं. गरुडाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ काठ पाहिला, दोनदा फिरवला. "नाव कुठंय?"

"घासून स्वच्छ करून आणलंय," धाकटा ऐटीत म्हणाला.

"अहो, काय केलंत हे? असले गरुड माझ्याकडे पोतंभर पडलेत. नावावरून माणूस सापडतो, त्याने काय केलं ते सापडतं. लोक त्याचे पैसे मोजतात. आता ही नुसती चांदी झाली. वजनावर घेईन, देता का?"

दोघा भावांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. भर रस्त्यात त्यांची जुंपली. "चकाचक तू म्हणालास!" "मग तू का मूग गिळून बसलास?" मला हसता येत असतं तर तिथेच खदाखदा हसलो असतो. पैसे मोजणारा तो व्यापारी आणि नजर गेलेली ती बाई, दोघांनी माझ्यात एकच गोष्ट शोधली होती, आणि ती या दिवट्यांनी नळ घासतात तशी घासून टाकली.

वजनावर विकायची लाज वाटली म्हणा किंवा तेवढ्या पैशात काही येणार नव्हतं म्हणा, त्यांनी मला घरी आणून तिच्या हातात ठेवलं. तिने काठावरून नख फिरवलं. नख सरकत गेलं, कुठेच अडलं नाही.

"हा कुणाचा?"

"आई, तुझाच आहे."

"यावर नावच नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नाव वाचते, हे त्यांना आजवर माहीतच नव्हतं. "दुकानदाराने बदलून दुसराच दिला वाटतं," थोरल्याने ठोकून दिलं. "आणतो परत."

मग मला करंडकांवर नावं कोरणाऱ्याकडे नेलं. त्याच्या यंत्राने माझ्या काठावर तेच नाव घातलं, पट्टीने आखल्यासारखं सरळ. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिच्या हातात. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं, चौथं. तिने मागे येऊन चौथं पुन्हा चाचपलं.

"नाव बरोबर आहे," ती म्हणाली. थोरला लगेच उठून निघाला.

"पण हा नीट चालतो रे. तुमचे बाबा लंगडायचे."

तिने मला थोरल्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं माझ्यावर मिटवली. "ज्याचा असेल त्याला देऊन या. आणि माझा तेवढा आणा."

मी ओरडून सांगितलं असतं, अगं, मीच तो! पण मला तोंड नाही, आणि जे होतं ते त्यांनी घासून टाकलं होतं.

तर मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी विनंती करायची असते. मी विनंती करणार नाही, बजावून सांगतो. तुमच्या घरात माझ्यासारखं काही असेल तर ते मळकं राहू द्या. विकायचं असेल तर विका, पण त्याच्याशी कुणाचं काय आहे ते आधी विचारा, आणि तोवर हात लावू नका.

मी आता थोरल्याच्या कपाटात आहे, तिच्या खोलीच्या भिंतीला लागून. रोज दुपारी ती विचारते, "मिळाला का रे?" थोरला म्हणतो, "शोधतोय, आई." मी लखलखीत आहे, इतका लखलखीत मी टाकसाळीतही नव्हतो, आणि भिंतीपलीकडून "आलात?" आता ऐकू येत नाही.