पडद्यावरच्या मुंग्या

हॉलमध्ये शंभरेक माणसं जमिनीवर बसली होती आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीला लागले होते. पडद्यावर नुसत्या मुंग्या, सोबत खरखर. एकाएकी मुंग्यांतून एक चेहरा उमटला, हसला आणि विरून गेला. शेजारी बसलेल्या ताईने माझा हात घट्ट धरला.

"बघ, तुझे भावोजी!"

भावोजींना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"विश्वं अनंत आहेत," टीव्हीशेजारी गादीवर बसलेले समांतरबाबा सांगत होते. "एकात तुमचा माणूस गेला, दुसऱ्यात तो आत्ता चहा पितोय! या मुंग्या म्हणजे विश्वाच्या जन्माचा उजेड. विज्ञानच सांगतं! त्या उजेडावर बसून तो येतो. फक्त औषधाने शुद्ध घालवलीत, की धागा तुटला!"

या शेवटच्या वाक्याने घात केला होता. ताईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी दिलेल्या दोन्ही तारखा तिने मोडल्या. धागा रोजच्या झोपेत तुटत नाही, भुलीतच कसा तुटतो, ते बाबाच जाणोत. समजावून समजावून मी थकलो होतो.

मी पंचवीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. बाबांचं थोडंसं खरं होतं, तोच खरा वैताग. जुन्या डब्यांवर स्टेशन नसताना दिसायच्या त्या मुंग्यांत त्या आदिम उजेडाचा अगदी किंचित वाटा असायचा. पण भिंतीवरचा टीव्ही नवाकोरा होता. सिग्नल नसला की हे मॉडेल मुंग्या दाखवत नाही, निळा पडदा दाखवतं.

मी उठलो, टेबलावरचा रिमोट उचलला आणि बटण दाबलं. पडदा निळा. 'सिग्नल नाही.' दुसरं बटण दाबलं, तशी मागे खोचलेल्या पेन ड्राइव्हमधली यादी उघडली. 'आजी, चष्मा.' 'मुलगा, पिवळा शर्ट.' 'नवरा, मिशी.'

"हात लावू नका! लहरी बिघडतील!" बाबा ओरडले.

"लहरी कसल्या, फाइली आहेत."

'नवरा, मिशी' लावली. भावोजी हसले. पुन्हा लावली. त्याच मुंग्या, तेच हसू. तिसऱ्यांदा मध्येच थांबवली. ताईने बाबांना 'लहरी जुळवायला' दिलेला लग्नातला फोटो होता तो, कॉम्प्युटरवर हसवलेला. भावोजींच्या खांद्यावर चार बोटं दिसत होती, कापायची राहून गेलेली.

लोक चिडले, पण बाबांवर नाही, माझ्यावर. आम्हाला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं. ताई पायरीवर टेकली.

"ती बोटं तुझी ना?"

"हो. मी शेजारीच उभा होतो."

"मग ते कुठेच नाहीत?"

"दुसरी विश्वं आहेत की नाहीत, यावर शिकलेली माणसं अजून भांडताहेत. मला काय कळणार? पण तिथून इथे कुणी भेटायला येतं, असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "डॉक्टरांना फोन कर. तारीख माग."

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "तो टीव्ही चालू आहे का रे अजून?"

"आहे. गर्दी वाढलीय."

खोटं कशाला सांगू, मी दमलोय. प्रत्येक हॉलमध्ये जाऊन रिमोट उचलणं माझ्याच्याने होणार नाही. विश्व कसं जन्मलं, ते एक आहे की अनेक, जरूर विचारा; याहून मोठे प्रश्न नाहीत. पण त्यांचं उत्तर म्हणून कुणी तुमचे औषधोपचार थांबवायला सांगितलं, तर आधी उठा आणि टीव्हीच्या मागे काय खोचलंय ते बघा.