दोन आटे सैल

मी जंपर बोलतोय. काही लोक मला शॉकअप म्हणतात, पण सुरतेत माझं नाव जंपरच. नावावरून मी उड्या मारणारा वाटेन, पण तसं नाही. दुसऱ्याला बसणारा दणका आपल्या अंगावर घेणं, एवढंच माझं काम.

माझी सायकल जरा निराळी आहे. तिच्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखं मागं रेलायचं आणि पाय समोर करून पेडल मारायचं. सीटखाली, मागच्या चाकाच्या पुढं मी असतो. एक जाड स्प्रिंग आणि तिच्या डोक्यावर फिरणारी चकती. चकती आवळली की मी कडक, सोडली की मऊ.

इच्छापोरच्या एका साहेबांनी आम्हाला हौसेनं मागवलं, थोडे दिवस मिरवलं आणि जिन्याखाली टाकून दिलं. तिथं इतकी धूळ खाल्ली की वाटलं, संपलं आपलं. मग कारखान्यात कंत्राटावर असलेल्या चेतनला साहेब म्हणाले, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." अशा मानानं आम्ही बमरोलीला त्याच्या घरी आलो.

चेतननं सायकल वडिलांसाठी, म्हणजे दगा आबांसाठी, आणली होती. आबांचा जन्म कापड विणणाऱ्या लूमपुढं उभं राहण्यात गेला आणि त्यात कंबर धरली. साध्या सायकलवर बसवेना, रिक्षाच्या हादऱ्यांनी जीव कळवळायचा. म्हणून गेल्या आखाजीला त्यांनी लेकीच्या, हर्षदाच्या सासरी, पलसाण्याला, नुसता फोन केला. आखाजी म्हणजे खानदेशी लेकींचा माहेरचा सण. लेकीला आणायला घरचं माणूस दारात जातं, त्याला मूळ म्हणतात. तिच्या सासूबाई धुरपदाबाई फोनवर म्हणाल्या, "फोनवर कोठे मूळ ऱ्हास का?" हर्षदाला त्यांनी पाठवलंच नाही.

"औंदा मी सोता जासू," आबा म्हणाले. सगळी भिस्त माझ्यावर आली.

आबांनी पाना घेतला आणि मला आवळत गेले. लूमवरची सवय, दुसरं काय! तिथं ताणा ढिला पडला की कापड बिघडतं, म्हणून ढिलं दिसलं की आवळायचं हे त्यांच्या हातातच बसलेलं. चकती फिरेनाशी झाली तेव्हा ते थांबले. मी पार दगड झालो. गल्लीच्या पहिल्याच खड्ड्यात दणका सरळ त्यांच्या कमरेत गेला आणि ते ओठ चावत परत आले. मला फार वाईट वाटलं.

चेतननं मला पूर्ण सोडलं. आता पाय रेटला की मी खाली, सोडला की वर. आबांचा निम्मा जोर मला नाचवण्यातच जायचा. नाक्यापर्यंत जाऊन आले ते धापा टाकत.

मंगलाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नवऱ्याचं तोंड पाहून म्हणाल्या, "चेतनना आबा, गावले झोका कसा बांधतस? बठनात का जराखा खाले येवाले जोयजे, पन भुईले टेकाले नही जोयजे."

आबा हसले. चेतननं माझ्या दांडीवर लूमचा धागा बांधला. आबा सीटवर अलगद रेलले की मी दबायचो आणि धागा सरकायचा; ते उतरले की किती दबलो ते दिसायचं. थोडी चकती फिरव, पुन्हा बस, पुन्हा बघ, असं चाललं. माझी चाल, म्हणजे दबायची हद्द, चार बोटांची. आबांच्या वजनानं एक बोट दबलो, तेव्हा चेतन म्हणाला, "आबा, आते एकदम बराबर."

खरंच बराबर होतं. पलसाण्याच्या उखडलेल्या रस्त्याचे दणके मी पोटात घेतले आणि आबांच्या पायांचा जोर चाकाला जाऊ दिला. मध्ये दोनदा चहाला थांबलो, पण कंबरेनं तक्रार केली नाही. पलसाण्यात धुरपदाबाई अंगणातच होत्या. आबांना असं आडवं येताना पाहून पदर तोंडाला लावत म्हणाल्या, "याही, निजीसन उनात का?" म्हणजे व्याही, झोपूनच आलात का! मग चहा झाला, मूळ झालं आणि हर्षदाची पिशवी भरली गेली. लखन, म्हणजे तिचा नवरा, आखाजीला तिला मोटारसायकलवर सोडून गेला.

सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला. पण आखाजीला झोका हवा, आणि बमरोलीच्या त्या गल्लीत झाड कुठलं? खोलीवर खोली, वर पत्रे. हर्षदा उगीच दारात उभी राहिली. मग माझ्याकडं वळली आणि सीटवर जाऊन बसली. बिचारी वजनानं हलकी, मी काही दबेना.

"आबा, हाऊ ते हालस बी नही."

आबा कंबरेवर हात ठेवून खाली वाकले आणि माझे दोन आटे सैल केले. मंगलाबाईंनी हँडल धरलं. हर्षदा हळूच वरखाली झाली, मग जोरात, आणि आखाजीचं गाणं म्हणू लागली. शेजारच्या बायका गोळा झाल्या, त्यांनी सूर धरला. एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

ती सासरी गेली. आबा आता रोज लूमच्या कामावरही माझ्यावरूनच जातात. चेतन परवा पाना घेऊन आला. "आबा, टाइट करी देऊ का? पाय दुखतीन."

"ऱ्हाऊ दे. हर्षू परत येनार शे."

म्हणून मी अजून तिच्याच मापावर आहे. आबांचा थोडा जोर वाया जातो, पण त्यांची तक्रार नाही आणि माझीही नाही. तुम्ही कधी माझ्यासारख्याची चकती फिरवायला बसलात, तर एवढं करा: पाना उचलण्याआधी विचारा, बसणार कोण आहे?