पुढे

माझी पुतणी भूमिका नागपूरच्या विद्यापीठात संगणकावरचे धडे तयार करायला शिकते. शेवटच्या परीक्षेसाठी तिने कीर्तनावर धडा केला होता. संगणक न हाताळलेल्या माणसाने तो कुणी न सांगता पूर्ण केला, तरच ती पास. म्हणून मी कामठीहून मुद्दाम आलो.

भूमिकाने मला 'टचस्क्रीन' की काय म्हणतात, त्या पडद्यासमोर बसवले. पडद्यावर चित्रातले बुवा उभे राहिले. नमन गोड झाले आणि बुवा एकदम थांबले. बुवा थांबले की गजर आपण उचलायचा असतो. मी टाळ्या वाजवत "विठ्ठल विठ्ठल" सुरू केले. बुवा गप्पच.

"बुवा नाराज झाले काय वं?"

"मले काही सांगता येत नाही, काका!" भूमिका रडकुंडीला आली होती.

बुवांच्या पायाशी 'पुढे' असे लिहिलेले दिसले. मागे बसलेल्यांना बुवा नेहमीच पुढे बोलावतात. मी खुर्ची पुढे ओढली. तरी काही नाही. अजून ओढली. आता नाक पडद्याला लागायचे तेवढे बाकी होते. इतक्या जवळ आलोच आहे, तर पाया पडावे म्हणून मी बुवांच्या पायावर डोके टेकले.

बुवा गाऊ लागले!

मग बुवा थांबले की मी डोके टेकायचो आणि बुवा पुढे निघायचे. शेवटी पडद्यावर 'अभिनंदन' उमटले.

भूमिका डोके धरून बसली. "काका, सरांले काय सांगू? तुमाले बटन समजलं म्हणू, का नाही समजलं?"

"कोणतं बटन वं?" मी विचारले.