क्वांसा मास्तरांची पेटी

तत्त्वज्ञान आणि धर्म या विषयात पदवी घेतलेल्या माणसाला आमच्या किनाऱ्यावर दोनच प्रश्न विचारतात. चर्च कधी काढणार? आणि काढणार नसशील तर शिकलास कशाला? सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचो. आता डोकं फिरतं. हिशेबनिसाला कुणी विचारत नाही की बाबा, तू बँक कधी काढणार.

आमच्या वर्गातल्या एसेलनं खरंच चर्च काढलं. त्याच्याकडे मोठी गाडी आहे आणि तो मला ओळख दाखवत नाही. अड्वोआ शाळेत धर्म शिकवते, आणि गणिताचे मास्तर रजेवर गेले की गणितही. फ्रँक विमा विकतो. मरणाबद्दल इतकं वाचलेला विमावाला साऱ्या केप कोस्टात दुसरा नाही, पण त्याचंही कुणी ऐकून घेत नाही. आणि मी, एबो, मेलेल्यांची चरित्रं लिहितो. आमच्याकडे अंत्यविधीला गुळगुळीत कागदाची पुस्तिका वाटतात. वर फोटो, आत चरित्र, आणि ते चरित्र चर्चमध्ये शवपेटीशेजारी उभं राहून वाचून दाखवायचं. लिहितोही मीच आणि बहुतेक वेळा वाचतोही मीच. खोटं बोलणं कधी क्षम्य असतं यावर मी विद्यापीठात पानंच्या पानं लिहिली होती. आता दर शनिवारी काळा अंगरखा घालून दारुड्याला मनमिळाऊ आणि कंजुषाला काटकसरी म्हणतो. याचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

पण क्वांसा मास्तर गेले तेव्हा हद्द झाली.

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, निम्मं गाव त्यांच्या छडीखालून गेलेलं. त्यांच्या कुळाचे थोरले नाना ओतू यांनी मला चरित्राचं काम दिलं. मी चार घरी फिरून विचारलं आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं तेच लिहिलं. तरुणपणी मास्तर कफल्लक होते. एफुआ मान्सा नावाच्या बाईनं भट्टीवर मासळी धुरावली, डोक्यावरून बाजारात नेऊन विकली आणि त्यांना शिक्षकांच्या कॉलेजात घातलं. दोघांना एक मुलगी झाली, अराबा. कॉलेज संपलं, मास्तरांनी एका शिक्षिकेशी चर्चमध्ये अंगठीचं लग्न केलं आणि एफुआ मान्साच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

नानांनी कागद वाचला, पेन काढलं आणि हा सगळा परिच्छेद आडवा खोडला.

"'स्वतःच्या जिद्दीनं शिकले' एवढं लिही."

"नाना, जिद्द त्यांची असेल. मासळी तिची होती."

"तुला मासळीबद्दल कुणी विचारलं? आणि मुलं चार लिही. अंगठीची चार."

"अराबाचं नाक बघा. मास्तरांच्या तोंडावरून काढून लावल्यासारखं आहे."

"नाकं तपासायला बोलावलं नाही तुला. चार बुकं शिकला तर लागला मोठ्यांना शिकवायला. चर्च काढलं असतंस तर निदान आशीर्वाद तरी दिला असतास."

पुस्तिका छापून आली. मास्तर स्वतःच्या जिद्दीनं शिकले होते आणि त्यांना मुलं चार होती.

आमच्याकडे अंत्यविधी मरणानंतर कित्येक आठवड्यांनी होतो, तोवर देह शवागारात. अंत्यविधीच्या आदल्या आठवड्यात अराबा माझ्याकडे आली. तिचं ताकोराडीला बर्फाचं गोदाम आहे. धंदा आईचाच, मासळीचा. फक्त आई धुरात उभी राहिली आणि ही थंडीत उभी राहते. मी केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा खात बसलो होतो. तिनं बसायच्या आधीच सांगितलं, "एबो, नाना ओतूंचा फोन आला होता. पेटी मागतायत."

"कसली पेटी?"

"बापाची. दुसरी कसली?"

आमच्याकडे माणूस आईच्या कुळाचा असतो. तो मेला की देह कुळाचा, घर कुळाचं, रडण्याचा मानही कुळाचा. पण बापाला पेटी द्यायची ती त्याच्या मुलांनीच. भाच्यानं दिली तर लोक म्हणतात, बिचाऱ्याला मूल नव्हतं वाटतं.

"अंगठीची चौघं कुठं गेली?" मी विचारलं.

"दोघं परदेशात, फोन उचलत नाहीत. इथल्या दोघांना जमते ती पेटी नानांना साधी वाटते. मास्तरांच्या इभ्रतीला पितळी कड्यांची हवी म्हणे. मी सुताराकडून परस्पर पाठवायची, गाजावाजा करायचा नाही, आणि तिथं नाव चौघांचं घेणार."

मी हातातली केंकी खाली ठेवली. मुलगी म्हणून नाव नको, पण मुलगी म्हणून पेटी हवी! एवढा निलाजरेपणा मी एकाही चरित्रात लपवला नव्हता, आणि मी बरंच काही लपवलेलं आहे.

"माझं जाऊ दे," अराबा म्हणाली. "मला बाप कधी नव्हता, मी त्याची वाट बघणंही सोडलं. पण आई शनिवारी चर्चमध्ये येणार आहे. ती काही मागत नाही रे, पण मला कळतं ना, ती काय ऐकायला येतेय ते. तिच्यासाठी एक वाक्य घाल."

"पुस्तिका छापून झाली, अराबा."

"मग पेटी देत नाही. चटईत गुंडाळून नेऊ देत त्याला."

"दे," मी म्हणालो. "पण परस्पर पाठवू नकोस. शनिवारी सकाळी स्वतः घेऊन ये. मांडवात, सगळ्यांच्या देखत, दारूची बाटली घेऊन, रीतीप्रमाणे. तुझ्या आईलाही आण."

"आणि त्यांनी हाकलून दिलं तर?"

"हाकलतील कसे? मास्तरांना ठेवणार कशात?"

ती पहिल्यांदा हसली. "हे तुला कॉलेजात शिकवलं?"

"कॉलेजात बरंच शिकवलं. गिऱ्हाईक मिळत नव्हतं इतकंच."

शनिवारी मास्तरांना अंत्यदर्शनासाठी पितळी पलंगावर निजवलं होतं, सुटात, छातीवर शाळेचं पदक. मांडवात लाल-काळी वस्त्रं नेसलेलं गाव बसलेलं, प्रत्येकाच्या हातात माझी पुस्तिका. सुताराची गाडी आली. मागे पेटी, पितळी कड्यांची, आणि पेटीशेजारी अराबा आणि तिची आई. धुरानं एफुआ मान्साचे डोळे कायमचे लाल झालेले आहेत, त्यामुळे ती रडली होती की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं.

कुळातर्फे बोलणारे काठीवाले काका उठले. हे काका रीत सोडून एक शब्द बोलत नाहीत. त्यांनी काठी टेकली आणि विचारलं, "कोण आलंय, आणि कोणत्या नात्यानं?"

"मुलगी," अराबा म्हणाली. "बापाची पेटी घेऊन आलेय."

अंगठीच्या बाईंनी पुस्तिकेत डोकं घातलं. नाना घाईघाईनं पुढं आले. "पेटी आत घ्या, पेटी आत घ्या. उशीर होतोय. नात्याचं मागाहून बघू."

पोरं पेटीला हात घालायला निघाली. मी उठलो.

"नाना, बापाची पेटी कोण आणतं?"

"तू खाली बस, फिलॉसॉफर."

"बसतो. तेवढं सांगा फक्त. कोण आणतं?"

"मुलं आणतात. शेंबड्या पोराला माहीत आहे."

"आणि ही पेटी कुणी आणली?"

नानांनी पोरांना हातानंच पेटी उचलायची खूण केली.

"मग झालं. पेटी घेतलीत तर ही मुलगी. मुलगी नसेल तर पेटी परत जाऊ द्या. मधलं काही नाही."

मागं कुणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. नाना माझ्या अंगावर आले. "हे शिकायला विद्यापीठात गेला होतास?"

"हो नाना. पहिल्याच वर्षी, तर्कशास्त्रात शिकवतात."

तेवढ्यात मास्तरांची थोरली बहीण, एकुआ आत्या, पलंगाजवळून बोलली. कुळातल्या बायकांत तिचा शब्द शेवटचा. "ओतू, पुरे कर. तूच फोन करून मागितलीस पेटी, मला माहीत नाही होय? माझा भाऊ परक्याच्या पेटीतून जाणार नाही. बाटली फोड."

नानांना बाटली फोडावी लागली. ती घेतली की नातं घेतलं, हे मांडवातल्या प्रत्येकाला कळत होतं. नानांनी दारू जमिनीवर ओतायला सुरुवात केली, पूर्वजांना हाका मारल्या आणि पुटपुटले, "तुमच्या लेकराला त्याची मुलगी अराबा हिनं पेटी आणली आहे."

"मोठ्यानं, नाना," काठीवाले काका म्हणाले. "आणि कुणाच्या पोटची?"

हे नाना विसरले होते. की विसरले नव्हते म्हणूनच पेटी परस्पर मागत होते, देव जाणे. आमच्याकडे आईचं नाव घेतल्याशिवाय माणूस पूर्वजांना कळतच नाही. नानांनी एकदा अंगठीच्या बाईंकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एफुआ मान्साच्या पोटची."

पेटी आत गेली.

चर्चमध्ये मी वाचायला उभा राहिलो तेव्हा माझा राग तसाच होता. पेटीचा प्रश्न सुटला होता, पुस्तिकेतलं खोटं जागच्या जागी होतं. आमच्या चर्चमध्ये चरित्रात ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, लोकांनी पाहायचं, मग बसायचं. अंगठीच्या बाई उभ्या राहिल्या, बसल्या. मुलं दोनच हजर होती, तीही उठून बसली. मग मी त्या वाक्याशी आलो. "स्वतःच्या जिद्दीनं शिकले," मी वाचलं, आणि पुस्तिका मिटली.

"पुढचं पुस्तिकेत नाही. पण सकाळी पूर्वजांना सांगून झालंय, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नसावी."

पहिल्या बाकावर नाना ओतूंनी डोळे मिटून घेतले. मी खिशातून तो खोडलेला कागद काढला. खरं तर कागदाची गरज नव्हती.

"मास्तरांना कॉलेजात घातलं ते एफुआ मान्सानं, भट्टीवर मासळी धुरावून. त्यांची फी धुराच्या वासाची होती. त्यांची थोरली मुलगी अराबा हिची ती आई."

मागच्या बाकावर अराबानं आईचा हात धरला. एफुआ मान्सा उठली. लोकांनी माना वळवून पाहिलं. तिनं सगळ्यांना नीट पाहू दिलं. बसायची वेळ झाली तरी ती बसली नाही. पाद्रीसाहेबांनी हातानं खूण केली, ती बसली नाही. अराबानं पदर ओढला, तरी नाही. माझं उरलेलं चरित्र मी वाचून संपवलं, शाळा, पदक, निवृत्ती, आणि ती सबंध वेळ पेटीकडे बघत उभी होती. मला वाटत होतं की तिची बाजू मी मांडतोय. माझ्यापेक्षा ती कितीतरी जास्त रागावलेली होती, आणि हे इतकी वर्षं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग स्तोत्र सुरू झालं. स्तोत्राला बसून चालत नाही, तेव्हा नाना ओतू उठले, अंगठीच्या बाई उठल्या, सगळं चर्च उठलं.