रोझी सिस्टरांचं ऑर्किड

“थंडीत उघड्यावरच राहू दे तिला, पुष्पा. कुडकुडली तर कुडकुडू दे. माया करू नको.”

रोझी सिस्टरांचं हे सांगणं आठवतच पुष्पावती कुंडीपाशी वाकली आणि तिने झटकन पदर तोंडावर दाबला. नासलेलं दूध आणि मेलेला उंदीर एकत्र झाल्यासारखा वास. त्यात सोमवारचा उपास.

नगरजवळच्या भिंगार छावणीत फौजी गणवेशांवर नावाच्या पट्ट्या शिवून देण्यात तिचं आयुष्य गेलेलं. इस्पितळात नर्स असलेल्या सिस्टर तिच्या शेजारी राहायच्या. नऊ वर्षांपूर्वी कुणा अधिकाऱ्याच्या बायकोने त्यांना कालिम्पाँगचं हे ऑर्किड दिलं होतं. थंड डोंगरातलं झाड, गारठा लागला तरच फुलणारं. नगरच्या उन्हात काय टिकणार, असं सगळे म्हणत. पण सिस्टरांचे यजमान सायमन उन्हाळाभर कुंडी मोरीत रांजणाशेजारी ठेवत, तिच्याभोवती ओलं पोतं गुंडाळत. झाड जगलं, फुललं मात्र नाही. सायमन गेले. गेल्या पावसाळ्यात सिस्टरही गेल्या. त्याआधी कुंडी पुष्पावतीच्या ओट्यावर ठेवून त्यांनी एकच शब्द घेतला होता: पहिलं फूल सायमनच्या थडग्यावर.

आणि यंदा पौषाच्या कडाक्यात दांडा आला. सात कळ्या!

पायरीवर तिचे दीर मच्छिंद्र मोबाईल बघत तंबाखू मळत बसले होते.

“भावजी, कुंडीत थुंकता का हो?”

“म्या? म्या गटारात थुंकतो, वहिनी. नेम हाय माजा. इचारा कुनालाबी.”

“मग हा वास कसला?”

“मडमच्या झाडाला आत्तर लावलं आसंल कुनी.”

हसत त्यांनी पिंक टाकली. ती गटाराच्या अलीकडेच पडली आणि तिचा तपकिरी ओघळ पायरीवर पसरला. ते दात, ते हसू, तो ओघळ. पुष्पावतीला अशी किळस आली की सोमवारी मनात वाईट आणायचं नाही हा नेमही ती विसरली.

“देवानं तोंड दिलं नाव घ्यायला. तुम्ही त्याची मोरी केलीत,” ती हळूच म्हणाली.

भावजींचं हसू मावळलं. “कुंडीत न्हाई थुंकलो, वहिनी. आईची आन.”

तिने कुंडी आडवी केली. कोळसा, विटांचे तुकडे, झाडाची साल भसकन बाहेर आली. सगळ्यावर पांढरट, बुळबुळीत थर आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मुळं शिजलेल्या शेवयांसारखी हातात सुटली. त्यांना चिकटून एक बेलाचं पान आलं.

भावजींनी वाकून पाहिलं. “बेल काय म्या खात न्हाई, वहिनी.”

तिने पान ओळखलं, तिच्याच पूजेतलं. दर सोमवारी ती महादेवाला पंचामृताचा अभिषेक करी. देवाचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ते तुळशीत ओतायचं. यंदा थंडीने तुळस करपली. मग गेले चार सोमवार तिने ते दूध, दही, तूप, साखर, मध सगळं या कुंडीत ओतलं होतं. सिस्टरांच्या लेकराला महादेवाचा प्रसाद, असं म्हणत.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत तोच पांढरा थर होता.

“भावजी, चुकलं माझं.”

“ऱ्हाऊ द्या. पानी आनतो.” ते उठले. आधी त्यांनी नळावर तोंड खंगाळून चूळ भरली, मग बादली आणली.

ते पाणी घालत गेले, ती मुळं धूत गेली. सडलेलं सगळं तिने शिवणाच्या कात्रीने कापून टाकलं. पाच कंदांपैकी एकच टणक निघाला. दांडा ज्या कंदावर होता, तो दाबताच बोट आत गेलं. सहा कळ्या पिवळ्या पडून गळाल्या होत्या. एक तेवढी उमलली होती, फिकट हिरवी, आत गुलाबी.

टणक कंद तिने धुतलेल्या कोळशात रोवला आणि कुंडी ओट्यावर ठेवली.

“लई गारठा हाय. आत न्हेऊ का?”

“बाहेरच राहू द्या तिला.”

दांडा कापून तिने तीनदा साबणाने हात धुतले. हुंगून पाहिलं, वास गेला नव्हता. म्हणून फुलाला हात न लावता तिने दांडा ओल्या खाकी चिंधीत धरला, चपला सरकवल्या आणि उपाशीच ती ख्रिस्ती दफनभूमीच्या वाटेला लागली.