बोडीतली दवा

सुकलू ढिवराला आपल्या पोरीच्या हुशारीबद्दल तिळभर शंका नव्हती. शंका होती ती नशिबावर, पाण्यावर आणि सोसायटीच्या अध्यक्षांवर.

आरमोरीजवळच्या त्या गावात मासेमारांच्या सोसायटीची एक बोडी होती, म्हणजे लहानसा तलाव. तीत रोहू-कतला वाढवत. यंदा माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, खवले गळायला लागले आणि रोज सकाळी काठाशी मेलेले मासे दिसू लागले. दिव्यानी, सुकलूची एकुलती एक, मत्स्यशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती. तिनं शहरातल्या प्रयोगशाळेतून दवेच्या बाटल्या आणल्या.

"यात जित्ते विषाणू आहेत," तिनं बैठकीत सांगितलं. "माणसाले नाई, मासोळीले नाई, ते फक्त रोगाच्या जंतूले धरून मारतेत."

अध्यक्ष गुणवंतराव गालातला तंबाखूचा खर्रा सांभाळत म्हणाले, "एक डाव करून पाह्य. जमलं तं सोसायटी तुलेच कामावर ठेवते."

नाही जमलं तर ती आंध्रातल्या मत्स्यबीजाच्या हॅचरीत नोकरीला जाणार होती. बायको गेल्यापासून सुकलूच्या घरात बोलणारं माणूस तेवढं एकच उरलं होतं. पोरगी इथंच राहावी, याशिवाय त्याला या जगात दुसरं काही नको होतं.

उन्हानं दवा कमजोर होते म्हणून दिव्यानीनं सांजेला बाटल्या बोडीत ओतल्या. घरी निघताना बजावलं, "बाबा, आता पाण्यात दुसरं काईच टाकू नका."

सुकलूनं मान हलवली खरी. पण जन्मभर त्यानं माशांच्या रोगावर एकच इलाज केला होता, लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. तिचे खडे फडक्यात बांधायचे, पोटली डोंग्यामागे सोडायची आणि पाणी गुलाबी होईस्तोवर होडी वल्हवत बोडीभर फिरायचं. त्याचा बापही हेच करायचा. ताप आला की आपण डॉक्टरची सुईही घेतो आणि अंगाराही लावतो, त्यानं कुणाचं वाईट झालंय? दोन दवा मिळाल्या तर गुण लवकर येईल, पोरीचं नाव होईल. एवढाच हिशोब त्या भोळ्या बापाचा. ती घरी भात मांडत होती तोवर यानं डोंगा सोडला. सकाळपर्यंत पाण्याचा रंग उतरलाही होता.

मासे मरत गेले. आधी काठाशी, मग मधोमध, मग जिकडे पाहावं तिकडे. दिव्यानी रोज पाण्यात उतरून मेलेले मासे टोपल्यात भरायची, खड्डा करून त्यांवर चुना टाकायची. तिचं जेवण सुटलं. "माह्यंच काही चुकलं असंल," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणायची, आणि ते ऐकून सुकलू ताटावरून उठायचा.

बैठक बसली. "पोरीची दवा फसली," गुणवंतराव म्हणाले. "आता असे खेळ बंद."

सुकलू उभा राहिला. "तिची दवा नाई फसली. मीच मागून लाल दवा टाकलो. तिनं नको म्हटलं होतं, तरी टाकलो."

मग गुणवंतराव हळूच हसले. "बसा, सुकलूभाऊ. पोरीसाठी बाप खोटं बोलतेच. आमी समजतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानं आणखी दोनदा सांगितलं, आईची शपथ घेतली. लोक त्याच्याकडे अधिकच मायेनं पाहू लागले.

बैठक उठली. दिव्यानी जागची हलली नव्हती. तिनं विचारलं, "कवा टाकली, बाबा?"

"त्याच सांजी. तू घरी गेल्यावर." त्याला तिच्याकडे बघवेना. "मले वाटलं, तुह्या दवेले जोर येईन."

साऱ्या गावात तिनं एकटीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. ती त्याच्याजवळ आली, त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा नीट केला आणि अगदी हळू बोलली.

"लाल दवेनं ते विषाणू जित्ते राह्यत नाई, बाबा. मासोळीच्या आधी तेच मेले."

आंध्राची गाडी सोमवारी होती. सुकलूनं तिची पेटी डोक्यावर घेतली आणि पोरीच्या मागं मागं स्टँडपर्यंत चालत गेला.