पुढे ढकललेली डबलबारी

जयवंत बुवांचा आवाज टेकडीवरून थेट घाटकोपर स्टेशनपर्यंत ऐकू जातो, असं भटवाडीतली माणसं म्हणायची. ते खोटं आहे हे बुवांना ठाऊक होतं, तरी ऐकायला बरं वाटायचं. गिरणीचा संप फिसकटला, नोकरी गेली, चारकोपला एका कारखान्याच्या गेटवर रखवालदारी पत्करावी लागली. पण पेटीपुढे मांडी घातली की ते बुवाच. त्या हिवाळ्यात चाळीच्या सत्यनारायणाला डबलबारी ठरली. एकीकडे जयवंत बुवा, समोर बोरीवलीचे नानाबुवा. भजनातून एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जबाब द्यायचा. मागची बारी नानाबुवांनी मारली होती आणि बुवांना ती अजून टोचत होती.

नेमकी तेव्हाच फ्लूची साथ आली. घराघरांतून खोकल्याचे आवाज यायला लागले.

बुवांची सून सुलक्षणा पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. ड्यूटी संपली की घरी न येता ती टेकडीवरच्या खोल्याखोल्यांतून फिरायची. "ताप आहे त्याने घरात थांबा. खोकताना तोंडावर रुमाल धरा. हात साबणाने धुवा. खिडकी उघडी ठेवा, आजाऱ्याचं अंथरूण वेगळं घाला. म्हातारी माणसं, तान्ही पोरं यांना त्याच्यापासून लांब ठेवा."

"अगो, साधो सर्दीताप तो! त्याका इतकी पथ्यां कसली?" बायका हसायच्या. मग खालच्या गल्लीतली एक म्हातारी त्या साध्या तापातच छाती भरून वारली, आणि हसणं थांबलं.

बुवांच्या खोलीत तालमी चालायच्या. दहाबारा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, पाण्याचा एकच तांब्या सगळ्यांच्या तोंडून फिरणारा. सुलक्षणाने एके दिवशी तो उचलून आत नेला आणि प्रत्येकापुढे वेगळा पेला ठेवला. बुवा आधी ओशाळले. पण टाळ वाजवणारा दशरथ खोकायला लागला तेव्हा तेच म्हणाले, "दशरथा, घराक जा. बरो झालंस की ये." दशरथ हिरमुसून गेला.

सत्यनारायणाच्या दिवशी सकाळी बुवांना हुडहुडी भरली. अंग ठणकत होतं, डोळे चुरचुरत होते. सुलक्षणाने थर्मामीटर लावला. ताप चांगलाच चढला होता.

दुपारी मृदंगवाला बाळा आला. बुवांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"बुवा, एक गोळी घेवा आणि चला. घाम इलो की ताप उतरतलो."

"गर्दी किती असा?"

"मंडप आत्ताच भरलो. माझी आवस तर पयल्या रांगेत जागा धरून बसली हा."

बाळाची आई म्हणजे द्रौपदी. तिला दम्याचा त्रास. बुवांची बारी तिने कधी चुकवली नव्हती आणि बसायची ती पेटीच्या अगदी समोर. बुवा तोंडावर रुमाल धरून पोटातून खोकले.

"मी येवचंय नाय, बाळा."

"बुवा! लोक म्हणतीत, नानाबुवाक भियालो."

हे मात्र बुवांना झोंबलं. त्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं. तिने बोलावं, अडवावं, म्हणजे सुनेने जाऊ दिलं नाही असं सांगता तरी येईल, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. ती एवढंच म्हणाली, "मामंजी, दशरथला तुम्हीच परत पाठवलंत."

बुवा भिंतीला टेकले. "म्हणूंदेत भियालो," ते बाळाला म्हणाले. "सुलक्षणा, तूच जा नि माइकवर सांग. माझं नाव घेऊन सांग."

ती पदर खोचून गेली. बुवा गोधडीत पडून मंडपाच्या कर्ण्याकडे कान लावून राहिले. आधी नुसती खरखर, मग तिचा आवाज. "मी जयवंत बुवांची सून. बुवांना फ्लू झालाय, म्हणून ते आज बसणार नाहीत. इथे येऊन गायले तर हा ताप तुमच्यासोबत घरी येईल. ज्यांना खोकला आहे त्यांनीही आता घरी जावं."

कोणीतरी शिट्टी मारली. "बुवा पळालो!" अशी आरोळी उठली आणि हशा पिकला. बुवांनी मुठी आवळल्या. पण कर्ण्यातला आवाज जरासुद्धा कापला नाही. "हसा," ती म्हणाली, "पण रुमाल धरून हसा." पुन्हा हशा झाला, या वेळी वेगळा.

मग घसा खाकरून नानाबुवा बोलले. "ऐका रे. माझे दोन कोरसवाले सकाळपासून शिंकतायत, मी त्यांना गाडीत घालून आणलं. चूक माझी. जयवंताने जे केलं ते माझ्याच्याने झालं नाही. समोर तो नसताना मी कोणाला सवाल टाकू? बारी पुढे ढकला."

मंडप रिकामा होऊ लागला. प्रसाद कागदात बांधून दारोदार पोचवला गेला. गोधडीत पडल्या पडल्या बुवांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तापाने आलं, असं त्यांनी सुलक्षणाला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी बाळाला ताप भरला. त्याने आपलं अंथरूण शेजारच्या रिकाम्या खोलीत हलवलं आणि आईला जवळ येऊ दिलं नाही. ती दारातून त्याला शिव्या देत पेज सरकवायची. साथ ओसरेपर्यंत द्रौपदीला काही झालं नाही.

डबलबारी झाली ती शिमग्याच्या सुमारास. बुवांचा खोकला गेला होता, पण वरच्या पट्टीत आवाज फाटत होता. नानाबुवांनी पुन्हा बाजी मारली आणि तीही चांगली मारली. बुवांनी हात जोडून हार मान्य केली. मग चाळीच्या मंडळाने दोन्ही बुवांना मानाचं श्रीफळ दिलं, पण जयवंत बुवांनी आपलं जवळ ठेवलं नाही. ते घेऊन बुवा बायकांच्या रांगेपाशी गेले. संकोचून मागे सरणाऱ्या सुलक्षणाला त्यांनी पेटीजवळ आणून उभं केलं आणि नारळ तिच्या ओंजळीत ठेवला.

"ही माझी सून," ते माइकवर म्हणाले. पुढे बरंच बोलायचं मनात होतं, पण फाटलेला आवाज ऐनवेळी पुरा बसला. टाळ्या थांबेनात. बुवा मान ताठ करून तसेच तिच्या बाजूला उभे राहिले.